राफेलचे कागद छापले ती चोरी की पत्रकारिता?

खवचट_वाचक
'द हिंदू'चे ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांचं म्हणणं मला आजही पटतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी पेपरात राफेल या फ्रेंच लढाऊ विमानांच्या सौद्यातली संरक्षण खात्याची टिपणी छापली, तर मार्चमध्ये ॲटर्नी जनरल वेणुगोपाल सुप्रीम कोर्टात म्हणाले कागद चोरीला गेलेत, सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा लागतो, आणि दोनच दिवसांत खुलासा की चोरी म्हणजे झेरॉक्स हो! राम यांचं उत्तर साधं होतं, लोकहितासाठी छापलं, कागद कुणी दिले ते आमच्याकडून कळणार नाही.
आणि टिपणीत होतं काय? रडारची रेंज? आपली टीम फ्रेंचांशी वाटाघाटी करतेय आणि पंतप्रधान कार्यालय मागून समांतर बोलणी करतंय, अशी तक्रार, वर संरक्षण सचिवांचा हाताने लिहिलेला शेरा की हे टाळावं, याने आपली बाजू फार कमजोर पडते. यात शत्रूला काय मिळालं सांगा.

गोंयकार
अर्धंच सांगताय. त्याच कागदावर खाली आमच्या पर्रीकरभाईंचाही, म्हणजे तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांचाही, शेरा होता, की पाचव्या परिच्छेदातली ही प्रतिक्रिया जरा जास्तच वाटते, सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून मिटवावं. 'हिंदू'च्या फोटोत तो नव्हता, त्याच दिवशी एएनआय वृत्तसंस्थेने दाखवला. मंत्र्याचं उत्तर गाळायचं आणि वर लोकहित म्हणायचं, वा रे वा.

खवचट_वाचक
शेरा छापायलाच हवा होता, मान्य. पण तुम्हाला तो दिसला कसा? तोही फुटलेलाच कागद ना? म्हणजे भाईंची बाजू मांडायलासुद्धा कुणीतरी फाईल फोडावीच लागली.

निवृत्त_फौजी
हुशारी छान आहे, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. गुप्त काय आणि उघड काय हे संपादकाने का ठरवायचं, त्याला कुणी निवडून दिलंय? माहिती अधिकाराचं कलम ८(२) सगळे तोंडावर फेकतात, ते नीट वाचा. लोकहित जास्त असेल तर सरकारी कार्यालय माहिती देऊ शकतं असं आहे त्यात, कुणीही उचलून न्यावी असं नाही. आणि एवढा गाजावाजा करून शेवटी १४ नोव्हेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने राफेलच्या फेरविचार याचिका फेटाळल्याच ना? हाती काय लागलं?

कोर्टकचेरी
फौजीसाहेब, दोन निकालांची गल्लत होतेय. १० एप्रिल २०१९ चा निकाल कागदांबद्दल होता. गोगोई, कौल, जोसेफ तिन्ही न्यायमूर्तींचं एकमत की हे कागद कोर्ट बघणार, आणि गोगोईंनी लिहिलं की गुप्त शिक्का मारलेले कागद छापू नका असं सांगायचा अधिकार सरकारला देणारं कलम या गुपितांच्या कायद्यात दिसतच नाही. नोव्हेंबरमध्ये सौद्याचा मुद्दा हरले ती वेगळी गोष्ट. हरणाऱ्याने कागद दाखवूच नये असं थोडंच आहे.
आणि तुम्ही म्हणता सरकारने ठरवावं, मग पत्रकार इफ्तिखार गिलानी आठवतो का? जून २००२ ला पकडला, गुन्हा काय तर कॉम्प्युटरवर काश्मीरमधल्या सैन्याबद्दलचा मजकूर, जो पाकिस्तानात आधीच छापलेला होता!! सात महिने तिहारमध्ये, मग जानेवारी २००३ मध्ये केसच मागे घेतली.

चहा_कडक
फक्त भाजपवर ढकलू नका हां. मोइलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच सांगितलं होतं हा गुपितांचा कायदा रद्द करा. २०१४ पर्यंत राज्य कुणाचं होतं? कुणी बोट लावलं नाही. खुर्चीवर बसलं की हा इंग्रजांचा कायदा सगळ्यांनाच गोड लागतो.

निवृत्त_फौजी
आयोगाचं पुढचं वाक्यही सांगा की, गुपितांसाठीची कलमं राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला असंही म्हटलंय त्यांनी. गिलानीचं जे झालं ते चुकीचंच. माझं म्हणणं इतकंच, हेरगिरीचं कलम ३ ठेवा, कलम ५ मध्ये कागद नुसता घेणाराही अडकतो तेवढं काढा, पत्रकार मोकळा. पण कागद फोडणाऱ्या अधिकाऱ्याला माफी नाही. तो पगार कशाचा घेतो?

खवचट_वाचक
आणि मग पत्रकाराच्या हातात कागद येणार कुठून, पोस्टाने?