सायंकाळच्या खेळानंतर मध्यरात्री उतरणारी साखर

प्रश्न: माझ्या ११ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि ती आठवड्यातून ४ दिवस सायंकाळी फुटबॉल खेळते. सरावात साखर १५०च्या आसपास राहते, सामन्याच्या दिवशी २५०च्या वर जाते. मात्र त्याच रात्री २ वाजता ती ६०पर्यंत उतरलेली सापडते. तिचा खेळ बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही, पण रात्रीची भीती वाटते. आमचे काय चुकते आहे?

उत्तर १: ताई, सामन्यातील वाढ बहुधा अॅड्रेनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे होते, ते यकृतातील साखर रक्तात सोडते. ही वाढ सहसा तात्पुरती असते. तिच्यासाठी नेहमीच्या हिशेबाने जादा इन्सुलिन दिले जात असेल, तर रात्रीच्या घसरणीचे एक कारण तेथेच असू शकते. दुसरे कारण स्नायूंचे. खेळात खर्च झालेला ग्लायकोजेनचा (स्नायूंत साठवलेल्या साखरेचा) साठा ते पुढे कित्येक तास भरून काढत असतात आणि त्या काळात इन्सुलिनचा परिणामही वाढलेला असतो, त्यामुळे सायंकाळी खेळलेल्या मुलाची साखर नेमकी झोपेत उतरते. खेळाच्या दिवशी रात्रीचे बेसल (दीर्घकाळ संथपणे काम करणारे) इन्सुलिन साधारण २० टक्के कमी करण्याचा पर्याय डॉक्टरांशी अवश्य बोला. प्रमाण मात्र तेच ठरवतील.

उत्तर २: खेळाआधीचे इंजेक्शन मांडीत देत असाल तर जागा बदला, कारण धावताना तेथून इन्सुलिन लवकर शोषले जाते. साखर २७०च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन अपुरे पडल्यावर चरबी जळून रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासल्याशिवाय मैदानावर पाठवू नका. कीटोन वाढलेले असतील तर त्या दिवशी खेळ नाही, मग सामना कितीही महत्त्वाचा असो. आदल्या २४ तासांत साखर उतरून शुद्ध हरपली असेल किंवा झटके आले असतील, तरीही विश्रांतीच.

उत्तर ३: प्रशिक्षकांना सारे समजावून सांगा, हे मी कळकळीने सांगतो. माझा मुलगा एकदा मैदानात गप्प गप्प झाला, तेव्हा तो थकला आहे असेच सर्वांना वाटले. साखर ५२ होती. तेव्हापासून ग्लुकोजची पावडर प्रशिक्षकांच्या पिशवीतही असते. साखर ७०च्या खाली गेली की ती पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट देऊ नये, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. सामन्यानंतर आम्ही खरोखरच दर वेळी जादा इन्सुलिन देत होतो. सर्व नोंदी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटते.