13 मीटरच्या दोरीवर दुसऱ्या बोयाला ढील पडते: स्की बदलू की फिन?

टेक्सासकर (प्रश्न)

वॉटर स्कीच्या स्लॅलममध्ये (बोटीमागे दोरी धरून सहा तरंगत्या बोयांना बाहेरून वळसा घालायचा) ताशी 55 किलोमीटरच्या वेगाला 14.25 मीटरची दोरी (इथल्या बोलीत 28 ऑफ, म्हणजे मूळ दोरीतून 28 फूट कमी) दहापैकी आठ वेळा पूर्ण होते. 13 मीटरला मात्र अडीच-तीन बोयांच्या पुढे मजल जात नाही. पहिला बोया कसाबसा निघतो. दुसऱ्याला स्की झटकन वळते, दोरीला ढील पडते, मग असा हिसका बसतो की तिसऱ्याला पोचेपर्यंत सगळं हातातून गेलेलं असतं.

माहिती अशी: वजन 78 किलो, 66 इंची कार्बन स्की, पाच हंगाम वापरलेली. पुढे रबरी बूट, मागे टो प्लेट (मागचा पाय नुसता सरकवायचा पट्टा). फिन (स्कीच्या शेपटीखालचं उभं पातं) कारखान्याच्या आकड्यांवर आहे असं गृहीत धरलंय, मोजलेली नाही. बोटीवर झीरो ऑफ (वेग आपोआप राखणारी यंत्रणा), सेटिंग B2.

तीन प्रश्न आहेत. नवी 67 इंची स्की घ्यावी का? फिनला हात लावावा का? आणि स्पर्धेत स्की बोयाला नुसती घासली तर तो बोया धरतात का?

---

सरळरेषा

स्कीचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. ढील तुम्हाला दुसऱ्या बोयाला दिसते, पण तिची तयारी गेटच्या (सुरुवातीच्या बोयांच्या जोडीच्या) आधीच झालेली असते. हे आकड्यांतच मांडतो, कारण आकडे बघितले की पुढचं आपोआप पटतं.

बोटीच्या मधल्या रेषेपासून बोया 11.5 मीटरवर. ते अंतर कधी बदलत नाही. हात आणि अंग लांबवून तुम्हाला साधारण दीड मीटर मिळतात असं धरू, म्हणजे हँडल 10 मीटर बाहेर न्यायलाच हवं. त्यासाठी 18.25 मीटरच्या दोरीला मधल्या रेषेशी 33 अंशांचा कोन पुरतो. 16 ला 39, 14.25 ला 45, 13 ला 50, 12 ला 56 आणि 11.25 ला जवळजवळ 63. म्हणजे दोरी जितकी आखूड, तितके तुम्ही बोटीच्या मागे कमी आणि बाजूला जास्त. 11.25 ला तर दोरीच बोयापर्यंत पोचत नाही, उरलेलं अंतर अंगानं भरायचं. अमेरिकी स्कीपटू नेट स्मिथनं 2013 मध्ये 58 च्या वेगाला 9.75 मीटरवर अडीच बोये काढले, ते या हिशोबात बसवून बघा म्हणजे ती कामगिरी काय आहे ते कळेल.

आता पहिल्या बोयाचा वेळ. गेट ते पहिला बोया 27 मीटर, पुढे बोया ते बोया 41. गेटमधून जाताना तुम्ही बोटीच्या बरोब्बर मागे, म्हणजे पूर्ण 13 मीटर मागे असता. पहिल्या बोयाशी फक्त 8.3 मीटर मागे. हे 4.7 मीटर तुम्हाला बोटीच्या तुलनेत पुढे सरकायचं असतं, म्हणून तुम्ही 27 मीटर कापता तेवढ्यात बोट 22.3 मीटरच जाते. 55 ला बोट सेकंदाला 15.28 मीटर जाते. हातात उरले 1.46 सेकंद. 18.25 च्या दोरीवर हेच 1.57 येतात. फरक दशांश सेकंदाचा वाटतो, पण तेवढ्यात बोट 1.7 मीटर पुढे गेलेली असते. बोया ते बोया मात्र दोरी कुठलीही असो, 2.68 सेकंद मिळतात. सगळ्यात कमी वेळ पहिल्या बोयालाच. तिथे पडलेली उधारी दुसऱ्याला वसूल होते.

ती उधारी पडते कशी? गेटसाठी बाहेर निघताना तुम्ही पुरेसे रुंद आणि पुरेसे वर (बोटीच्या बाजूला पुढे) जात नसणार. मग आत वळल्यावर वेग कमी पडतो, तो भरून काढायला वेकच्या (बोटीमागे दोन्ही बाजूंना उठणाऱ्या लाटांच्या) पलीकडेही ओढत राहता, आणि स्की बोयाकडे अजून धावत असतानाच तिला वळवावं लागतं. अशा वेळी तुम्ही बोटीपेक्षा जोरात पुढे चाललेले असता. दोरीला ढील पडण्याचं कारण हेच, दुसरं नाही.

करायचं ते असं. गेटच्या 55 मीटर आधी बोयांची जोडी असते. बोटीचा एक ठरावीक भाग, काच किंवा पायलॉन (दोरी बांधायचा खांब), त्या जोडीशी आला की बाहेर निघायचं. खूण कोणती ते तुमच्या सोयीनं ठरवा, पण रोज तीच ठेवा. बाहेर इतकं जायचं की बोयांच्या ओळीच्या जवळपास पोचाल आणि क्षणभर दोरीवर फारसा ताण न ठेवता सरकत राहाल. तिथून आत वळताना हिसका नको, ताण वाढत वाढत जायला हवा आणि सगळ्यात जास्त ताण पहिल्या वेकच्या आधी यायला हवा. बोटीच्या मागे मधोमध आलात की जोर कमी करायला सुरुवात. दुसऱ्या वेकनंतर स्की कड बदलते तेव्हा हँडल दोन्ही हातांत, कमरेजवळ. हात सोडायची घाई करू नका. हँडल कमरेपासून सुटलं की बोट खांदे आपल्याकडे ओढून घेते आणि तुमची बाहेर जायची वाट तिथेच अरुंद होते.

बोटीतून व्हिडिओ घ्या आणि दुसरा वेक ओलांडतानाची चौकट थांबवून बघा. हँडल आणि कंबर यांच्यात वीतभर जागा दिसली तर दुखणं सापडलं.

सरावात पंधरा दिवस 14.25 ला फक्त गेट आणि पहिला बोया करून पुढचं सोडून द्या. कंटाळवाणं आहे, पण यापेक्षा लवकर गुण देणारा सराव मला ठाऊक नाही.

---

कॅलिपरधारी

वरचं बहुतेक मान्य. पण "फिन कारखान्याच्या आकड्यांवर असावी" या वाक्यावर माझा आक्षेप आहे. पाच हंगामांत स्क्रू एकदा तरी ढिले झालेले असतात. मोजल्याशिवाय तंत्राला दोष देणं घाईचं होईल.

मोजायची रीत: स्की कोरडी करून तासभर सावलीत ठेवा. उन्हात तापलेल्या स्कीचे आकडे वेगळे येतात. खाचेचा कॅलिपर घ्या, साधा चालत नाही. तीन मापं: फिनची लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर. लांबी कॅलिपरच्या टोकांनी घेतली की जबड्यांनी, ते लिहून ठेवा, कारण दोन्हींत फरक पडतो आणि कंपनीनं छापलेला आकडा यांपैकी एकाच पद्धतीचा असतो. प्रत्येक माप तीनदा. तिन्ही वेळा 0.002 इंचाच्या आत जुळलं तरच ते माप खरं धरा. विंगचा (फिनवरच्या आडव्या पात्याचा) कोन वेगळ्या कोनमापकानं.

आकडे हलले असतील तर आधी मूळ जागी आणा आणि निदान तीन फेऱ्या त्यावर करा. ढील तरीही पडतेय आणि स्की "झटकन" वळतेय, म्हणजे टोक गरजेपेक्षा जास्त पाणी धरतंय असा माझा अंदाज. मग फिन शेपटीकडे 0.005 इंच सरकवा. इतकंच, एका वेळी एकच बदल. खोली तशीच राहू द्या. खोली कमी झाली तर वळणाच्या शेवटी शेपूट घसरते, जास्त झाली तर ती इतकी धरून ठेवते की स्की वळून यायला वेळ लागतो. आत्ता त्या भानगडीत पडूच नका.

विंग हा लोकांचा आवडता खेळ आहे. बोयाकडे फार वेगानं येतोय म्हणून कोन 8 चा 9 अंश करतात. ब्रेक लागतो, टोकही खाली दबतं. तुमचं टोक आधीच जास्त धरत असेल तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल.

फिनच्याही आधी बूट तपासा. शेपटीपासून टाचेच्या मागच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. बूट एक भोक पुढे बसला असेल तर टोकावर वजन येतं आणि लक्षणं हुबेहूब तुम्ही सांगता तशीच दिसतात. आधी बूट, मग फिन. उलटं केलंत तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

67 इंचाबद्दल: 78 किलो आणि 55 चा वेग म्हणजे तुम्ही दोन मापांच्या सीमेवर आहात. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे इंचांवर जाऊ नका, त्या स्कीच्या तक्त्यातलं वजन आणि वेग बघा. जुनी स्की मात्र एकदा उलटीपालटी करून तपासा. फिनच्या पेटीजवळ केसासारखी बारीक चीर किंवा बुटाच्या स्क्रूभोवती फुगवटा दिसला तर वाद संपला, ती स्की बदलायचीच.

---

मधलीवाट

बोटीच्या बाजूनं लिहितो, कारण या धाग्यात बोट कुणी तपासलीच नाही.

दोरी मोजा. माप पायलॉनपासून हँडलच्या आतल्या कडेपर्यंत, ताण देऊन. हँडल त्यात धरलेलं असतं. हे न कळल्यामुळे वेगळं हँडल लावून लोक 13 च्या नावाखाली भलत्याच लांबीवर सराव करतात. 13 चा तुकडा हिरवा असतो, 14.25 चा पिवळा, 12 चा निळा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, तेव्हा ती पुन्हा मोजा.

वेळ बघा. गेट ते गेट 259 मीटर, 55 ला 16.95 सेकंद, 58 ला 16.08. पडद्यावर 55 दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नका, प्रत्येक पासची (कोर्सच्या एका फेरीची) वेळ वहीत लिहा.

चालवणारा मधोमध आहे का तेही बघा. बोटीची वाट 2.3 मीटर रुंद, बोट त्यात जेमतेम मावते. स्कीअर ओढतो त्या बाजूला बोटीची शेपूट सरकते. चांगला ड्रायव्हर ते आधीच ओळखून स्टिअरिंगवर हलका हात ठेवतो. एखाद्या बोयाला बोट तुमच्याकडे 20 सेंटिमीटर सरकली तर तो बोया सोपा वाटतो आणि लगेच पुढचा तेवढाच महाग पडतो. तुमचा पहिला "कसाबसा" निघून दुसरा बिघडतोय, यात हे कारणही असू शकतं. पायलॉनजवळून सरळ पुढे बघणारा कॅमेरा लावलात तर दहा मिनिटांत खरंखोटं होईल.

सेटिंग B2 राहू द्या. C कडे गेलात की ओढ अंगावर येते, A1 मवाळ. गेट पक्कं होण्याआधी सेटिंग बदललंत तर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी हलवत असाल.

---

टेक्सासकर

आज मोजलं. बूट छापील जागेवरच आहे. फिन मात्र छापील आकड्यापेक्षा 0.012 इंच पुढे सरकलेली निघाली, आणि पेटीचा एक स्क्रू बोटानं फिरत होता. चीर कुठे नाही. व्हिडिओत दुसऱ्या वेकला हँडल कमरेपासून चांगलं सुटलेलं दिसतंय, म्हणजे दोघांचंही खरं निघालं. फिन मूळ जागी आणली. घासलेल्या बोयाचं कुणी सांगेल का? आणि मागच्या पायाला टो प्लेटऐवजी दुसरा बूट घ्यावा का?

---

कॅलिपरधारी

0.012 म्हणजे थोडंथोडकं नाही. आता ते पाच हजारांश विसरा, मूळ आकड्यांवर तीन फेऱ्या करून मगच बोला. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नका. सगळे थोडे थोडे, आलटून पालटून आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळतानाच फिन सरकते.

---

काठावरचा पंच

स्की किंवा अंग बोयाला नुसतं घासलं तर दंड नाही. बोयाच्या आतून गेलात, त्याच्यावरून गेलात किंवा तो दोन्ही बाजूंनी सापडला तर चुकला. तिथून पुढचे बोये काढले तरी मोजत नाहीत. वळसा घालून किती आत परतलात यावर पाव, अर्धा किंवा पूर्ण बोया मिळतो, आणि परतताना दोरी ताठ असावी लागते. म्हणून ढील पडलेल्या वळणावर तोल जाऊन पडलात तर अंगाला मार बसतोच, शिवाय मिळू शकणारा अर्धा किंवा पूर्ण बोयाही जातो. सुरुवातीचं गेट चुकलं तर त्या पासचं सगळंच शून्य, सहाही बोये स्वच्छ काढले तरीही. गेटची शिस्त म्हणूनच.

बुटाबद्दल: दोन रबरी बूट घ्यायचे असतील तर दोन्ही सारखेच घट्ट हवेत. एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर घोटा आणि पिंढरीचं हाड धोक्यात येतं. पुढे रबरी बूट आणि मागे टो प्लेट ही जोडी तुमच्या पातळीला अजिबात तोकडी नाही. कडक कवचाचा सुटणारा बूट घेतलात तर त्याची सुटका किती ताणावर होते ते दर वेळी पाण्यात उतरण्याआधी काठावर हातानं तपासा. यंत्रणेत वाळू गेली की ती उशिरा सुटते.