लेक पुण्यात अडकलीय, घरी गरोदर जाऊ. बोलावू की नको?

मास्तरीणबाई – ११ ऑगस्ट २००९, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाणारी. आज भाच्याच्या नेटकॅफेत बसून लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. (शिक्षिकेनं असं म्हणायला नको, पण बोटं थरथरताहेत.)

आमचं गाव बार्शीजवळ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. थोरली लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कर्वेनगरात एका खोलीत तिघी राहतात. ३ तारखेला पुण्यातली ती चौदा वर्षांची पोरगी स्वाईन फ्लूनं गेली, तेव्हापासून आमच्या घरात टीव्ही बंद म्हणून होत नाही. राखीला येणार होती, सबमिशन आडवं आलं. आता शाळा-कॉलेजं आठवडाभर बंद, मॉल बंद, थिएटरं बंद. मेसवाल्या काकू कुलूप लावून गावी गेल्या. आणि काल रात्रीपासून खोलीतल्या लातूरच्या मुलीला १०१ ताप आहे, घसा धरलाय. घरमालकीण उंबऱ्याबाहेर उभी राहून, नाकाला पदर लावून म्हणाली, "दोन दिवसांत तिघीही निघा, माझ्याकडे म्हातारं माणूस आहे."

आमचे हे म्हणतात, पहाटेच्या गाडीनं जातो आणि घेऊन येतो, पोर आपली आहे. कोण नाही म्हणतंय? पण घरात कोण कोण आहे ते ऐका. सासूबाईंना दमा, पावसाळ्यात पंप उशाशी लागतो. धाकटी जाऊ सात महिन्यांची, पहिलटकरीण, येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण. आणि मी रोज पस्तीस-चाळीस लेकरांत. ती नाक पुसतात आणि त्याच हातानं वही पुढं करतात.

गावाचं तर विचारू नका. पुण्यात हॉटेलात कामाला असलेला एक पोरगा शनिवारी आला, पारावर टेकला, तर चौघं जण "जरा जाऊन येतो" म्हणत उठले ते परत आलेच नाहीत. ग्रामपंचायतीत डुकरं गावाबाहेर हाकलायची चर्चा चालू आहे. ती बिचारी उकिरड्यावर आपल्या नादात.

लेक फोनवर म्हणते, "आई, मी ठीक आहे, पण तू सांगशील तसं करते." हेच मला झेपत नाहीये. मी काय सांगू? तिला नायडू हॉस्पिटलात जाऊन तपासून घे म्हणू का? नाही निघालं तर मग आणायला हरकत नाही ना?

---

पर्वतीचा_पायथा – ११ ऑगस्ट, रात्री १०.१५

बाई, रविवारी मुलाला घेऊन नायडूत गेलो होतो म्हणून अधिकारानं सांगतो. धडधाकट पोरीला त्या रांगेत उभी करू नका. रांग फाटकाबाहेर. वरून पाऊस, छत्रीला छत्री भिडलेली. कुणाच्या तोंडाला मास्क, कुणाच्या ओढणी, एका आजोबांनी तर टॉवेल गुंडाळला होता. माझ्या मानेवर मागचा माणूस खोकत होता आणि दर वेळी "सॉरी हां" म्हणत होता. चार तासांनी नंबर लागला. घसा पाहिला, विचारलं परदेशातून कुणी आलंय का, लागण झालेल्या कुणाशी संबंध आलाय का, आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. घशातला नमुना घेतलाच नाही. पोरगा दुसऱ्या दिवशी खडखडीत. मीच आता दर तासाला स्वतःचं कपाळ चाचपतोय.

आणखी एक. पाच रुपयांचा मास्क आमच्याकडे वीसला विकताहेत, तोही "शेवटचाच आहे" म्हणून. रुमालाची घडी बांधा म्हणावं, पण रोज धुवा.

---

सुगंधी – ११ ऑगस्ट, रात्री १०.३२

ताई घाबरू नका. कापूर आणि वेलची कुटून रुमालात बांधून दर दोन तासांनी हुंगायला सांगा. नीलगिरीचे दोन थेंब. मला चार जणांकडून हाच मेल आलाय म्हणजे काहीतरी तथ्य असणारच.

---

खवचट_खान – ११ ऑगस्ट, रात्री १०.४०

मला सहा जणांकडून आलाय. म्हणजे माझ्याकडे जास्त तथ्य आहे.

---

डॉ_धनकवडी – ११ ऑगस्ट, रात्री ११.५०

दवाखाना आत्ता बंद केला. सकाळपासून दीडपट पेशंट आणि त्यातले निम्मे फक्त भीतीचे, त्यामुळे थोडक्यात लिहिणार होतो, पण बाईंचा प्रश्न नीट विचारलेला आहे.

"तपासून नाही निघालं तर आणते" हे डोक्यातून काढा. आज मुलीला काहीच होत नाहीये. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, कधी आठवडाही. ताप यायच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे आज तपासणी चांगली आली, तरी परवा एसटीतून उतरलेली मुलगी घरी देणारी असू शकते. शिवाय नमुने एनआयव्हीत, म्हणजे पुण्यातल्या विषाणू संस्थेत जातात, तिथं ढीग पडलाय, निकाल येईपर्यंत आठवडा असाच जाईल.

तुमच्या घरात मला काळजी जावेची आहे. या फ्लूनं गरोदर बायकांना, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जास्त त्रास होतो असं दिसतंय. दम्याचंही तसंच. वयाचं म्हणाल तर उलटं आहे, साठीच्या पुढच्यांना हा फ्लू तुलनेनं कमी धरतोय, तरुणांना जास्त. पण सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे त्या सुटल्या असं समजू नका.

म्हणून मुलीला तिथेच ठेवा. मात्र त्या खोलीत नको. घरमालकिणीकडे गच्चीवरची खोली, वापरात नसलेला हॉल, काहीही असेल तर तुमची मुलगी आणि तिसरी तिथे झोपू देत. आजारी मुलगी खिडकीशी, खिडकी उघडी, तिचा पेला-ताट वेगळं. तिच्या जवळ जायचं तर नाक-तोंड झाकून, आणि बाहेर आल्यावर साबणानं हात, बोटांच्या बेचक्यांसकट. शेवटच्या संपर्कापासून सात दिवस मुलीला काही झालं नाही, तर खुशाल घरी आणा. गणपती २३ ला आहेत, त्याच्या आधी येते.

लातूरच्या मुलीला १०१ ताप, घसा दुखतोय, पण धाप नाही, खातेपिते, तर घाबरण्यासारखं आज काही नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, झोप. ॲस्पिरिन देऊ नका, या वयात फ्लूमध्ये देत नाहीत. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर वाटले, झोपेतून नीट उठेना, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोरात चढला, तर मात्र रांग, गर्दी काही न बघता ताबडतोब हॉस्पिटल. टॅमिफ्लू, म्हणजे या फ्लूवरचं औषध, दुकानात मिळत नाही, सरकारी केंद्रातूनच मिळतं. ते पहिल्या दोन दिवसांत जास्त उपयोगी, म्हणून तिथल्या जवळच्या डॉक्टरला उद्याच दाखवा, तो ठरवेल. कुणी ओळखीनं गोळ्या मिळवून "आधीच घेऊन ठेवा" म्हणालं तर घेऊ नका.

कापूर-वेलचीनं काही बिघडणार नाही. काही थांबणारही नाही.

---

जर्सीकर – १२ ऑगस्ट, पहाटे ४.०५

आम्ही यातून एप्रिल-मेमध्ये गेलो. न्यूयॉर्कला क्वीन्समधल्या एका शाळेत मुलं पटापट आजारी पडली आणि इथे न्यू जर्सीत आमच्या सगळ्या आया हवालदिल. जो तो शाळा बंद करा म्हणत होता. मे महिन्यात सरकारी आरोग्य खात्यानंच सल्ला बदलला, की शाळा बंद करू नका, आजारी मूल घरी ठेवा. आम्हाला तेव्हा वाटलं, हे लोक धरसोड करताहेत. खरं म्हणजे रोग जितका जीवघेणा वाटला होता तितका तो बहुतेकांना नाही, हे हळूहळू कळत गेलं. माझ्या मुलाला जूनमध्ये ताप आला, तपासणीसुद्धा केली नाही, पाच दिवस घरी ठेवला.

पण बाई, माझ्या घरात सात महिन्यांची कुणी नव्हती. डॉक्टरांचं ऐका.

---

कोथरूडची_सून – १२ ऑगस्ट, सकाळी ८.२०

एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात कशी येत नाही? लेकीला घरी आणा आणि जावेला माहेरी पाठवा! पहिली खेप आहे, डोहाळजेवण झालं की जायचीच ना ती? चार दिवस आधी गेली तर काय होतंय.

---

मास्तरीणबाई – १२ ऑगस्ट, दुपारी १.१०

कोथरूडच्या सूनबाई, तिचं माहेर पुण्यातच, हडपसरला आहे.

डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिलेलं भाच्यानं कागदावर काढून दिलं. मधल्या सुट्टीत तेच वाचून ह्यांना फोनवर सांगायला गेले, तर पलीकडून गाडीचा हॉर्न! म्हणजे हे पहाटेच निघाले होते. मला झोपेत वाटलं मळ्यात गेले. पिशवीत धपाटी, शेंगांची चटणी, एक किलो शेंगदाण्याचे लाडू आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलातून घेतलेला एक मास्क. तो मास्क कागदात गुंडाळून खिशात ठेवलाय म्हणे, "पोरीला द्यायला."

लेकीला कळवलंय. गच्चीवर पत्र्याची खोली आहे म्हणते, पण घरमालकीण किल्ली देईना.

---

पर्वतीचा_पायथा – १२ ऑगस्ट, दुपारी १.३०

घरमालकिणीचा नंबर मला व्यनि (खासगी निरोप) करा. बोलतो. भांडणार नाही, फक्त पुणेरी बोलेन. आणि डब्याची काळजी नको, कर्वेनगर माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, तिघींचा डबा फाटकाला अडकवून पुढं जाईन.

---

मास्तरीणबाई – १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांना एकत्रच लिहिते. किल्ली मिळाली. पर्वतीकर दादा, तुम्ही त्या बाईंना काय बोललात ते लेकीनं मला सांगितलं नाही, नुसती हसत होती. बाईंनी संध्याकाळी स्वतः कढण करून जिन्यात ठेवलं. लातूरच्या पोरीचा ताप काल उतरला, खोकला आहे. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं, धाप नाही, टॅमिफ्लूची गरज नाही म्हणाले. तिचे वडील न्यायला यायचे म्हणत होते, तुमचा कागद त्यांनाही वाचून दाखवला. लेक आणि तिसरी गच्चीत. पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून झोप नाही, बाकी बरी आहे.

आमच्या ह्यांनी मुलीला फाटकाच्या अलीकडूनच पिशवी दिली. ती पलीकडं, हे अलीकडं, मधे गज. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "लाडू नीट झाकून ठेव म्हणालो." पण परतीची गाडी चुकली, पुढची मिळेपर्यंत स्वारगेटला चार तास बाकड्यावर बसले. शेजारी कोण कोण खोकलं देव जाणे. आल्यापासून सासूबाईंनी त्यांना उंबरा ओलांडू दिलेला नाही. ओसरीवर गोधडी टाकलीय, जेवणही तिथंच. पारावर जायची सोय नाही, गावाला कळलंय पुण्याला जाऊन आले ते. माणूस पार कावलाय. लेकीला लांब ठेवलं आणि बापालाच घेऊन आलो, असं झालं. डॉक्टर, यांचं काय करू?

शाळेत उद्या झेंडावंदन. पोरांना रांगेत लांब लांब उभं करायचं ठरवलंय. पाच मिनिटांत ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकणार, माहीत आहे मला. निदान हात धुवायला साबण ठेवलाय. आधीच दोन वड्या गायब झाल्या.

आणि खरी पंचाईत राहिलीच. डोहाळजेवण रविवारचं. जावेच्या आई-मावश्या हडपसरहून जीप करून येणार, ओटी भरायला. फोनवर "आम्हाला काही झालेलं नाही" एवढंच म्हणतात. नको म्हणावं तर आयुष्यभर ऐकावं लागेल.

---

डॉ_धनकवडी – १४ ऑगस्ट, रात्री ११.२०

साहेबांना ओसरीवरच राहू द्या, बुधवारपर्यंत. मुलीपासून धोका जवळपास नव्हता, बाकड्याचा थोडा आहे. ताप नाही तोवर औषध नको, तपासणी नको. जावेपासून आणि सासूबाईंपासून लांब, एवढंच. मळ्यात एकटे जाऊ देत, उघड्या हवेत हरकत नाही, नाहीतर ते कावून तुम्हालाच त्रास देतील. लातूरच्या मुलीचा खोकला आठवडा-दोन आठवडे रेंगाळेल, त्याला घाबरू नका, ताप परत येतोय का ते बघा.

डोहाळजेवणाला हडपसरची जीप नको. हे माझं मत नाही, सल्ला आहे. माझ्या नावावर खपवा.

---

कोथरूडची_सून – १५ ऑगस्ट, सकाळी ९.००

आणि सांगायचं काम तुम्ही करूच नका. धाकट्या दिरांना पुढं करा. जावयानं सांगितलं तर सासू रुसेल, पण दोन दिवस. थोरल्या जावेनं सांगितलं तर बाळाच्या लग्नापर्यंत पुरेल. ओटी घरच्या घरी भरा, हिरवी साडी एसटीच्या पार्सलनं मागवा, आणि मोठं डोहाळजेवण नवव्या महिन्यात करू म्हणा. करतात नवव्यातही, आमच्याकडे झालंय.

---

मास्तरीणबाई – १५ ऑगस्ट, दुपारी १२.४५

दीर आत्ताच फोन घेऊन मळ्यात गेलेत. तिथं रेंज येत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे.