सांगलीच्या घरातला जुना लाकडी बोर्ड: एसी लावण्याआधी काय तपासून घेऊ?

गावभागची लेक
आई-बाबा सांगलीत गावभागातल्या आमच्या जुन्या घरात दोघंच राहतात. घर 1974 चं, मी पुण्यात. बाबांना आता उन्हाळा सोसवत नाही, म्हणून त्यांच्या खोलीत दीड टनाचा एसी घ्यायचं चाललंय. इलेक्ट्रिशियन बघून गेला आणि म्हणाला, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होतंय? एसीपुरता एक एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका, टाकून देतो."

मला ते पटत नाहीये. बोर्ड व्हरांड्यात आहे. सागवानी पाटीवर हँडलचा लोखंडी मेन स्विच, त्याखाली चिनीमातीचे किटकॅट (जुने फ्यूज) दोन ओळींत. गीझरचा किटकॅट एका कडेने तपकिरी पडलाय. गीझर लावला की स्वयंपाकघरातली ट्यूब क्षणभर मंद होते. व्हरांड्यात कधीकधी मासळीसारखा वास येतो, शेजारी मासे तळतात असं आई समजत होती. 2019 च्या पुरात पाणी या बोर्डाच्या अर्ध्यापर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर पुसून, वाळवून पुन्हा चालू केलं.

नुसता बोर्ड बदलून भागेल का? आणि तोवर आई-बाबांना काय सांगू?

कोथरूडकर
लाकडी पाटी काढून टाका, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि एमसीबीचा नवा डीबी, म्हणजे लाइनी वाटणारी पेटी, बसवा. आमच्याकडे एका दिवसात झालं. वायरिंगला हात लावायची गरज पडली नाही.

वायरमन काका, मिरज
ताई, पहिलं म्हणजे आजच फोन करून गीझर बंद करायला सांगा. नुसता खटका नाही, मेन पाडून किटकॅट काढून ठेवायचा. बाबांना स्टुलावर चढायला लावू नका, ओळखीचा वायरमन बोलवा. तो मासळीचा वास बहुतेक वेळा तापलेल्या बेकेलाइटचा किंवा वायरच्या आवरणाचा असतो. त्यात किटकॅट तपकिरी झालाय, म्हणजे तिथला सांधा ढिला होऊन जळतोय.

किटकॅट उघडला की आत कुठली तार आहे ते बघायला सांगा. पंधरा अँपिअरला कल्हई केलेली, साधारण अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार लागते. वारंवार फ्यूज जातो म्हणून लोक वायरचे चार-पाच धागे पीळ देऊन बसवतात. मग फ्यूज कधीच जात नाही आणि सगळे खूश असतात. पण त्यानंतर तापते ती भिंतीतली वायर.

किटकॅट दोन ओळींत आहेत म्हणालात, ती गोष्ट मला जास्त खटकते. जुन्या पद्धतीत एक ओळ फेजची (करंट आणणारी तार) आणि एक न्यूट्रलची (परतीची तार) असायची. न्यूट्रलचा फ्यूज गेला की दिवा विझतो, पंखा थांबतो, माणसाला वाटतं करंट नाही. फेज मात्र होल्डरपर्यंत जिवंतच असतो. बल्ब बदलायला हात घातला की झटका. न्यूट्रलवर फ्यूज ठेवायचाच नाही, तिथे सलग लिंक हवी.

कोथरूडकर, तुमच्याकडे वायरिंग चांगलं असेल म्हणून निभावलं. इथे 1974 ची वायर आहे. त्या काळी ॲल्युमिनियम फार वापरायचे. ते स्क्रूखाली दबत जातं, सांधा ढिला होतो, वर तांब्याशी जोडलं असेल तर आणखी खराब होतं. डीबी नवा आणि मागे ठिसूळ वायर, तर घराला काय मिळालं? शिवाय एमसीबी वायर बघून निवडायचा असतो. पातळ वायरवर बत्तीस अँपिअरचा एमसीबी टाकला तर वायर तापली तरी तो पडणारच नाही.

ताई, दोन गोष्टी कळवा: अर्थिंग कुठे आहे, आणि बिलावर मंजूर भार किती आहे?

गावभागची लेक
काका, शेजारच्या दादांनी गीझरचा किटकॅट काढून ठेवला. आत तुम्ही म्हणालात तशीच जाड, पिळलेली तार होती. फोटो बघितला, चिनीमातीला तडा आहे आणि पितळी पाकळी काळी पडली आहे. मंजूर भार 2 किलोवॅट. अर्थिंगची तार न्हाणीघरामागच्या लोखंडी नळाला गुंडाळलेली आहे. पण पुरानंतर बाहेरची सगळी पाइपलाइन प्लॅस्टिकची केली होती.

वायरमन काका, मिरज
मग तुमच्या घराला अर्थिंग नाही, असंच धरून चाला. नळ जमिनीपर्यंत लोखंडी होता तेव्हा काहीतरी निभावत होतं. आता कुठे गळती झाली तर तो करंट न्हाणीघरातल्या तोटीवर येऊ शकतो. गीझरसुद्धा त्याच पाण्याला जोडलेला आहे. त्यामुळे नवं अर्थिंग होईपर्यंत गीझर लावायचा नाही, किटकॅट नवा आणला तरी नाही. ती गुंडाळी वायरमनकडून मेन बंद करून सोडवून घ्या.

अर्थिंगचा नवा इलेक्ट्रोड जमिनीत पुरून घ्या आणि अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून दाखवतात, तेवढ्यावर समाधान मानू नका. दिवा लागला नाही तर अर्थिंग नाही हे नक्की, पण लागला म्हणून चांगलं आहे असं ठरत नाही. समजा रोध 20 ओहम आला. फ्रिजच्या बॉडीला फेज लागला तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर जाणार. पंधराचा फ्यूज जागचा हलणार नाही, सोळाचा एमसीबीही पडणार नाही आणि फ्रिजची बॉडी जिवंत राहणार. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. उलट आरसीसीबीला जादा लोड कळत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळे लागतात.

एसीला डीबीपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि वीसचा एमसीबी. गीझरचीही वेगळी लाइन. दोन किलोवॅटचा गीझर एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि तुमचा मंजूर भार तेवढाच आहे. त्यामुळे भारवाढीचा अर्ज महावितरणकडे करावाच लागेल. त्याला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. काम त्याच्याकडूनच करून घ्या आणि रिपोर्ट खरोखर तपासून द्यायला सांगा, नुसत्या सहीचा नको.

मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, तुमच्यासमोर मारायला लावा. मेन बंद, सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढून, 500 व्होल्टने. एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायची. पुराचा गाळ वायरिंगच्या पट्टीत आणि जंक्शनमध्ये बसलेला असतो, वरून कोरडं दिसतं, पण पावसाळ्यात ओल धरतं. पाण्यात गेलेला मेन स्विच तर ठेवूच नका. नवा डीबी व्हरांड्यात पुराच्या खुणेच्या वर घ्या, पण आईचा हात पोचेल इतपतच.

कोथरूडकर
काका, आमचा आरसीसीबी अधूनमधून पडायचा. इलेक्ट्रिशियनने दोन वायरी बाहेरून जोडून दिल्या, तेव्हापासून पडत नाही. याचा अर्थ तो बायपास केलाय का?

वायरमन काका, मिरज
बहुतेक तसंच. टेस्टचं बटण दाबा, पण खटका पडला तरी तेवढ्यावर जाऊ नका. आतली फेज आणि न्यूट्रल दोन्ही खरोखर तुटतात का, ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरात हॉलच्या पंख्याने स्वयंपाकघराचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो. आरसीसीबीतून गेलेल्या लाइनीचा न्यूट्रल असा त्याच्याबाहेरच्या लाइनीत मिसळला किंवा कुठे ओल असली की आरसीसीबी पडतो, आणि तो बरोबरच पडत असतो. एकेक लाइन सोडवून दोष शोधायला वेळ लागतो, म्हणून वायर जोडून मोकळे होतात. उद्याच्या उद्या काढून घ्या. घरात लहान मुलं आहेत का?

कोथरूडकर
दोन. आजच बोलावतो.

गावभागची लेक
एसी सध्या थांबवला. मिरजेचे एक परवानाधारक ठेकेदार शनिवारी मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन येताहेत, मीही शुक्रवारी रात्री पोचते. आई अंघोळीचं पाणी गॅसवर तापवतेय. काका, ती गुंडाळी सोडवायला शनिवारपर्यंत थांबलं तर चालेल?

वायरमन काका, मिरज
नको, आजच सोडवा. शेजारच्या दादांनी परस्पर करू नये, वायरमनच हवा. मेन पाडून सगळे किटकॅट काढायचे, टेस्ट लॅम्पने तपासायचं आणि मगच त्या तारेला हात लावायचा. तो येईपर्यंत फ्रिज आणि मिक्सरचे प्लग काढून ठेवा, आणि ओल्या हाताने तोटी धरू नका म्हणावं.