शब्दचर्चा : ‘वय-लिंग रचना’ आणि तिच्या आसपासचे शब्द

प्रश्न : लोकसंख्याशास्त्रावर वाचतोय. ‘वय-लिंग रचना’, ‘वय-लिंग संरचना’, ‘वयानुसार वितरण’ हे शब्द आलटून पालटून येतात. अर्थ एकच आहे का? दुसरं, भारताचं २०११चं लिंग गुणोत्तर एका ठिकाणी ९४३ दिलंय आणि दुसरीकडे १०६. यातलं बरोबर कोणतं?

प्रतिसाद : रचना आणि संरचना यांत फरक नाही. संरचना पाठ्यपुस्तकात जास्त दिसतो, इतकंच. ‘वितरण’ मात्र जपून वापरावा, कारण भूगोलात ‘लोकसंख्येचं वितरण’ म्हणजे माणसं कुठे राहतात ते. नुसतं ‘वितरण’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात नकाशा येतो.

रचना म्हणजे एकूण माणसांत कोणत्या वयाचे पुरुष किती आणि स्त्रिया किती, याचं परस्परांशी असलेलं प्रमाण. एक देश दुसऱ्याच्या दहापट मोठा असला तरी दोघांची रचना सारखी असू शकते. उलट लोकसंख्या तेवढीच राहून रचना पार बदलू शकते.

९४३ आणि १०६ दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती ते मोजतात. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुधा दर शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. १०००ला ९४३ने भागून शंभरने गुणा, १०६ येतात. पण यामुळे ‘लिंग गुणोत्तर वाढलं’ या वाक्याचे दोन उलटे अर्थ होतात. एका पद्धतीत स्त्रियांचं प्रमाण वाढलं, दुसऱ्या पद्धतीत घटलं. म्हणून भाजक सांगितल्याशिवाय हा शब्द लिहूच नये असं माझं ठाम मत आहे. ‘दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया’ एवढं लिहायला चार शब्द जास्त लागतात, आणि ते लागलेच पाहिजेत.

प्रश्न : म्हणजे आदर्श आकडा १००० का?

प्रतिसाद : हा समज फार पसरलेला आहे. जन्माच्या वेळी निसर्गतःच मुलगे थोडे जास्त असतात, साधारण १०० मुलींमागे १०५. आपल्या पद्धतीत लिहायचं तर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. त्यामुळे जन्माच्या वेळचं गुणोत्तर ९५०च्या आसपास असेल तर त्यात काही वावगं नाही. ते त्याहून बरंच खाली गेलं की लिंगनिवडीची शंका घ्यावी लागते.

पुढे जवळजवळ प्रत्येक वयात पुरुषांचं मृत्युप्रमाण जास्त असतं. म्हणून वय चढेल तशी बरोबरी होत जाते आणि म्हातारपणी स्त्रियांची संख्या जास्त भरते. तेव्हा ‘एकूण’, ‘जन्माच्या वेळचं’ आणि ‘बाल’ लिंग गुणोत्तर हे तीन वेगळे शब्द आहेत. केरळचं २०११चं एकूण गुणोत्तर १०८४ आहे, पण ०–६ वयोगटात, म्हणजे बाल लिंग गुणोत्तर, ९६४ आहे. एकूण आकड्यात स्त्रियांचं दीर्घायुष्य आणि कामासाठी बाहेर गेलेले पुरुष, दोन्ही मिसळलेलं असतं. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर एकूण आकडा पुढे करणं चूकच आहे.

आणखी एक प्रतिसाद : ‘०–६’ वरून आठवलं. बातम्यांत याचं ‘सहा वर्षांखालील मुलं’ होतं. जनगणनेत वय पूर्ण झालेल्या वर्षांत धरतात. सहा पूर्ण होऊन सातवं लागलेलं मूल ‘६’मध्येच येतं, म्हणजे हा गट सात वर्षांचा आहे. ‘सात वर्षे पूर्ण न झालेली मुलं’ असं लिहायला हवं. तसंच ०–४ हा गट चार नव्हे, पाच वर्षांचा. ‘पाचवं लागलं’ असं आपण सहज बोलतो तेव्हा मूल चार वर्षांचं असतं, आणि गटांची गल्लत नेमकी तिथे होते.

प्रतिसाद : पाच-पाच वर्षांचे गट करण्यामागे सोयीखेरीज आणखी एक कारण आहे. वय विचारलं की बरेच जण ४०, ४५, ५० असं शेवटी शून्य किंवा पाच येणारं वय सांगतात. एकेका वर्षाचा आलेख काढला तर त्या वयांवर सुळके उभे राहतात आणि शेजारी खड्डे पडतात. गट केले की हे बरंचसं झाकलं जातं. हा कल मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांत शून्य-पाचवर संपणारी वयं किती जणांनी सांगितली ते त्यात पाहतात. १०० म्हणजे असा कल अजिबात नाही, ५०० म्हणजे सगळ्यांनी तसंच वय सांगितलं.

प्रश्न : वयोगटांच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचून काढलेल्या आलेखाला इंग्रजीत ‘पिरॅमिड’ म्हणतात, त्यासाठी ‘लोकसंख्येचा मनोरा’ हा शब्द पटत नाही. मनोरा सरळ उभा असतो, हा आकार तर वर निमुळता होतो.

प्रतिसाद : शब्द आता रुळला आहे आणि तो बदलू नये असं मला वाटतं. पायथा रुंद आणि टोक अरुंद, हा आकार भरपूर जन्म आणि भरपूर मृत्यू असलेल्या समाजाचा. जन्मदर उतरला की बाजू खरोखरच उभ्या होतात आणि आकार मनोऱ्यासारखाच दिसतो. पुढे पायथा आत जातो, तेव्हा ‘पिरॅमिड’ आणि ‘मनोरा’ हे दोन्ही शब्द सारखेच तोकडे पडतात. प्रकारांना ‘विस्तारणारा’, ‘स्थिर’, ‘संकोचणारा’ म्हणावं. सुंडबर्ग या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञाने १९००मध्ये केलेल्या वर्गीकरणावरून कुणी ‘प्रगतिशील’ आणि ‘प्रतिगामी’ लिहितात. कमी मुलं जन्मणाऱ्या देशाला प्रतिगामी म्हटलं की वाचकाचा भलताच समज होतो, तेव्हा हे दोन शब्द टाळावेत.

नावापेक्षा मनोरा वाचायचा कसा, हे जास्त महत्त्वाचं. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खालून वर वय. प्रत्येक पट्टी म्हणजे त्या काळात जन्मलेल्यांपैकी आज तिथे असलेले लोक, आणि ती दर वर्षी एक वर्ष वर सरकते. जपानचा मनोरा पाहा. १९६५मध्ये तिथे सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६मध्ये १३.६ लाख, आणि १९६७मध्ये पुन्हा १९.४ लाख. १९६६ हे त्यांच्या साठ वर्षांच्या चक्रातलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष. त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला घातक ठरतात या समजुतीमुळे कित्येक जोडप्यांनी मूल पुढे ढकललं. त्या एका वर्षाची खाच आजही जपानच्या मनोऱ्यात आहे आणि आता ती साठीच्या आसपास पोचली आहे. समजूत मुलींबद्दलची होती, पण खाच दोन्ही बाजूंना सारखीच आहे, कारण जन्मच टाळले गेले. पाच वर्षांच्या गटांत मात्र ही खाच जवळजवळ बुजून जाते.

दोन्ही बाजूंना खाच असेल तर आधी जन्म घटल्याची शक्यता धरावी. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत न जन्मलेल्यांची खाच अशीच दुहेरी होती. तरुण वयात एकाच बाजूला तूट दिसली तर युद्धातले मृत्यू किंवा स्थलांतर. कतारच्या मनोऱ्यात कामाच्या वयाच्या पुरुषांचा प्रचंड फुगवटा आहे. तो बाहेरून आलेल्या कामगारांचा.

आणखी एक प्रतिसाद : मनोरा काढताना टक्केवारी कशाची, हेही लिहायला हवं. पट्ट्या एकूण लोकसंख्येच्या टक्केवारीत काढायच्या असतात. काही जण पुरुषांची टक्केवारी पुरुषांतून आणि स्त्रियांची स्त्रियांतून काढतात. मग दोन्ही बाजूंची बेरीज १००-१०० होते आणि स्त्री-पुरुषांमधली तफावत चित्रातून नाहीशी होते. कतारची रचना अशी काढली तर पुरुष अधिक आहेत हेच कळणार नाही.

प्रश्न : ‘अवलंबित्व गुणोत्तर ६७’ म्हणजे ६७ टक्के लोक अवलंबून आहेत ना?

प्रतिसाद : नाही. समजा शंभर माणसांत ०–१४ वयाची ३०, १५–६४ वयाची ६० आणि ६५ व पुढची १० आहेत. ३० आणि १० मिळून ४०. त्यांना ६०ने भागून शंभरने गुणायचं, म्हणून सुमारे ६७. म्हणजे १५–६४ वयाच्या दर शंभर जणांमागे बाकीच्या वयांचे ६७. अवलंबित वयोगटांतले लोक आहेत ४० टक्केच.

शिवाय हा आकडा फक्त वयाचा आहे, कमाईचा नाही. सत्तरीतही कष्ट करणारी बाई यात अवलंबित ठरते आणि शिकत असलेला तेवीस वर्षांचा मुलगा पोशिंदा ठरतो. म्हणून ‘वयाधारित अवलंबित्व गुणोत्तर’ असं पूर्ण लिहिणं जास्त प्रामाणिक आहे. काही तक्ते वरची सीमा ६०ला धरतात. तुलना करण्याआधी ती पाहून घ्या.

प्रश्न : ‘लोकसंख्येचं आयुर्मान वाढलं’ आणि ‘लोकसंख्येचं वय वाढलं’ हे एकच का?

प्रतिसाद : अजिबात नाही. आयुर्मान म्हणजे आजचेच मृत्युदर कायम राहिले तर नुकतं जन्मलेलं मूल सरासरी किती वर्षं जगेल. लोकसंख्येचं वय सांगायला बहुधा मध्यक वय वापरतात, म्हणजे ज्याच्या खाली निम्मे लोक आणि वर निम्मे. त्याला ‘सरासरी वय’ म्हणू नये. मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक यांतला फरक आपण शाळेतच शिकतो.

या दोन गोष्टींचं नातं वाटतं तसं नाही. मृत्युदर घटू लागतो तेव्हा सुरुवातीला जास्त करून लहान मुलं वाचतात. त्यामुळे आयुर्मान वाढतं आणि लोकसंख्या मात्र आणखी तरुण होते. लोकसंख्या वयस्कर होते ती मुख्यतः जन्म घटल्यामुळे. अन्स्ले कोल या अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात हे गणिताने नीट मांडलं. आयुर्मान आधीच खूप वाढलेल्या देशांत मात्र आता वृद्धांचं जास्त जगणंही त्यात भर घालतं. ‘लोक जास्त जगू लागले म्हणून देश म्हातारा झाला’ या वाक्यात कारणाचा मोठा भाग सुटलेला असतो.

प्रश्न : शेवटचं. ‘स्थिर लोकसंख्या’ म्हणजे वाढ थांबलेली?

प्रतिसाद : मराठीत इथे दोन संकल्पनांना एकच शब्द मिळाला आहे. एकीत वयोगटांची प्रमाणं कायम राहतात, पण एकूण आकडा ठरावीक दराने वाढू किंवा घटू शकतो. लोकसंख्येचं गणित मांडणारे आल्फ्रेड लोटका यांचं नाव जिच्याशी जोडलेलं आहे ती ही. दुसरीत प्रमाणं कायम आणि वाढीचा दरही शून्य. मी पहिलीला ‘स्थिररचना लोकसंख्या’ आणि दुसरीला ‘स्थिरसंख्य लोकसंख्या’ असं लिहितो. याहून सुटसुटीत जोडी कुणाला सुचली तर जरूर सांगा.