खोल्या 'विकून खाल्ल्या' म्हणे!

करीरोडची
काल बदलापूरकर यांनी लिहिलं, 'लालबाग-परळ कुणी हिसकावलं नाही, मराठी माणसानेच खोल्या विकून खाल्ल्या, आता टॉवरकडे बघून रडू नये.' रात्रभर डोक्यात तेच, म्हणून वेगळा धागा.

आमची खोली दहा बाय बारा. मोरी, पोटमाळा, पाच भावंडं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. पुढे आईच्या पाटल्या गेल्या, मग तिने खानावळ घातली, शेवटी १९८९ ला पागडी, म्हणजे भाडेहक्क सोडायचे पैसे, घेऊन खोली सोडली. त्यातही चाळमालकाने आपला वाटा कापून घेतला. याला विकून खाणं म्हणतात?

आणि जमिनीचं काय? १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा (सरकारी घरं बांधणारी), गिरणीमालक. २००१ मध्ये ठरलं की वाटे फक्त मोकळ्या जागेचे. गिरणीत मोकळी जागा असते कुठे? सगळ्या शेडच. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. कामगारांची घरं बांधायची जागा तिथेच संपली.

बदलापूरकर
ताई, आम्हीही सोडलीच. पहाटे डबा घेऊन संडासच्या रांगेत उभे राहिला असाल, तर चाळीचे गोडवे गाऊ नका. माझी आई बदलापूरला आली तेव्हा स्वतःच्या संडासाला आतून कडी लावून नुसती हसत होती.

पुनर्विकसित
आम्ही सोडली नाही. पुनर्विकासात ३०० फुटांचं घर 'फुकट' मिळालं. कॉर्पसचं, म्हणजे बिल्डरने देखभालीसाठी दिलेल्या ठेवीचं, व्याज पुरेना, मेंटेनन्स महिना साडेसहा हजार, वडिलांचं पेन्शन त्याच्या निम्मंही नाही. मजल्यावरचे सहाजण भाडेकरू ठेवून विरारला गेले. विक्रीच्या इमारतीतले लोक आमच्या गेटने येतसुद्धा नाहीत. वर सुकट भाजली की तक्रार!

बांगडाफ्राय
आलं! मुंबईत मासे न खाणाऱ्यांनाच घर मिळतं. ब्रोकरने मला फोनवर पहिलं काय विचारलं असेल? बजेट नाही, 'नॉनव्हेज?'

किराणाभुसार
म्हणजे आम्ही, असंच ना? आजोबांचं दुकान चिवडा गल्लीजवळ, मी मराठी शाळेत शिकलो. संपात आजोबांनी उधारीवर ज्वारी-तेल दिलं. ती वही अजून घरी आहे. निम्म्या नावांपुढे 'जमा' कोरं. कुणाकडे मागायला गेलो नाही.

बांगडाफ्राय
उपकार झाले. आता सोसायटीत बोंबील तळायलाही परवानगी द्या.

किराणाभुसार
तळा की! मी थांबवलंय? माझ्या खालच्या मजल्यावर रोज तळतात.

पुनर्विकसित
मध्येच सांगतो, सुकटीची तक्रार करणारा आमच्याच मजल्यावरचा, पक्का मालवणी. नव्या फॉल्स सिलिंगला वास लागतो म्हणे.

बांगडाफ्राय
😶

वहिनी_डिलाईल
सुक्या बोंबलाला वास येतोच, मान्य करा. चाळीत खिडक्या समोरासमोर होत्या म्हणून जायचा. या डब्यांत हवाच खेळत नाही. आर्किटेक्टला धरा.

करीरोडची
बोंबील पुरे! सरकार गिरणी कामगारांना घरांसाठी लांब शेलू-वांगणीला पाठवतंय. २०२५ च्या जुलैत ऐंशीच्या घरातले म्हातारे आझाद मैदानात का आले होते? त्यावर बोला.

बदलापूरकर
बोलतो. वांगणी आमच्या पुढचं स्टेशन. तुम्ही ते नाव काळ्या पाण्यासारखं घेता. तिथेही माणसंच राहतात, आणि ८:०४ ला दारात लोंबकळतात.

करीरोडची
तेच तर म्हणतेय! तुम्ही धडधाकट असून लोंबकळता. गुडघे गेलेला कामगार केईएमला कसा येणार?

बदलापूरकर
हं. हॉस्पिटलचा मुद्दा बरोबर आहे. एवढाच. 'विकून खाल्लं' मधलं 'खाल्लं' मागे घेतो, 'विकलं' नाही.

करीरोडची
मोठं मन तुमचं. पागडी म्हणजे विक्री नव्हे, हे तरी वाचून या.

पुनर्विकसित
कॉर्पस संपल्यावर कुणाच्या सोसायटीने काय केलं? खरंच विचारतोय.

बांगडाफ्राय
टेरेसवर मोबाईलचा टॉवर लावा. आणि सुकट तिथेच भाजा.