अनुभव धागा: ‘वर्ण – गव्हाळ’

मोगऱ्याची_वेणी
दिवाळीची साफसफाई करून राहिली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझा लग्नाचा बायोडाटा सापडला, २००३ चा. सीताबर्डीवरून टाइप करून आणलेला, वर गणपती. ‘वर्ण’च्या पुढे व्हाइटनर अन् त्यावर बाबांच्या अक्षरात ‘गव्हाळ’. नखानं खरवडून पाहिलं, खाली ‘सावळा’. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आधी हसू आलं, मग तिथंच स्टुलावर बसली.

एम.एस्सी. फर्स्ट क्लास होती मी, पण शिक्षणाची ओळ वर्णाच्या खाली. त्याच वर्षी एका कॉलेजात शिकवायसाठी इंटरव्ह्यू आला होता. गेलीच नाही. साठ पोरं तासभर माझ्या तोंडाकडे पाहतील, याचीच धास्ती. घरी सांगितलं, बस चुकली. आजवर कोणाला बोलली नव्हती.

आणि मला मे महिना आवडायचा, खरंच सांगते. पंचेचाळीस डिग्रीत सगळ्याच पोरी डोळे सोडून अख्खं तोंड ओढणीनं बांधतात. तेवढा महिनाभर मी सगळ्यांसारखी.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. रंग, वजन, उंची, काहीही.

तर्री_जास्त
बस चुकली वाली थाप आपली पण. बावीसाव्या वर्षी टक्कल पडलं. पहिल्या नोकरीत पार्टी यायची ते मलेच साहेब समजून हात मिळवायची, साहेब बिचारा मागे उभा. मजा वाटायची. पण आजही हेल्मेट काढायच्या आधी पार्किंगमध्ये इकडं तिकडं पाहतो.

बुटीबोरी_नाईट_शिफ्ट
भाऊ नागपुरात हेल्मेट घालता हेच लय झालं.

सखूबाई७८
आमची नणंद दारातूनच, काय वो वहिनी, तब्येत झाली तुमची! चप्पल तरी काढ बाप्पा आधी. कुकर लावला आहे, नंतर लिहिते

खाकीचं_स्वप्न
पोलीस भरती. पुरुषाले उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती ७९ अन् फुगवून ५ जास्त. छाती होती. उंची १६४ अन् थोडी. सकाळी माणूस जरासा उंच भरते, म्हणून आम्ही पोट्टे मैदानावर सतरंजी टाकून झोपून राहायचो, नंबर येईपर्यंत उभंच नाही राहायचं. एक जण तर पाणी प्यायलाही उठला नाही. तरी नाही जमलं. भिंतीवर ‘उंची वाढवा’ लिहिलेलं वाचून तीन हजाराची पावडर घेतली होती, मायच्या भिशीतले पैसे. ते जास्त लागते मनाले. आता सिक्युरिटीत आहो. तिथंही विचारलंच, उंची किती.

इतवारी_मेडिकल
@खाकीचं_स्वप्न भाऊ, उंची वाढवायची अन् लठ्ठपणा बरा करायची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. भिंती कोण वाचते पण.

माझं दुकानच आहे म्हणून लिहितो. लग्न महिन्यावर आलं की पोरी येतात, ‘ती ट्यूब द्या’. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अन् मोमेटासोन. शेवटचं म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, थोडे दिवस लावायचं औषध आहे ते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, बंद केलं की लालबुंद, आग आग. घाबरून पुन्हा लावतात. कातडी पातळ होते, पुरळ येते, गालावर लव वाढते. एक पोरगी गॅससमोर उभी राहू शकत नव्हती, अन् स्वयंपाकाचंच काम तिचं. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, ते पुढच्या चौकातून घेतात.

साधी क्रीम वेगळी. १९७५ पासूनच्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. गिऱ्हाईक अजूनही जुन्याच नावानं मागते.

फिट_नागपूरकर
मी ३ महिन्यात १८ किलो कमी केले, फक्त सकाळचा शेक. माहितीसाठी मेसेज करा.

तर्री_जास्त
दादा, वरचा मेसेज वाचून तरी घ्यायचा होता बे.

काडीपहिलवान
बारीक लोकांचं कोणीच लिहून नाही राहिलं. ४१ किलो. रक्तदानाला गेली तर ४५ पाहिजे म्हणून परत पाठवलं, ते ठीक, नियम आहे. पण रांगेतल्या काकू म्हणाल्या, हिलेच बाटली लावा. सगळे हसले, मीही हसली. ऑफिसात डबा एकटीच खाते आता. किती पोळ्या आणल्या ते मोजतात लोक.

मिहानची_एचआर
लिहू की नको, दोन दिवस विचार करून राहिली होती.
मी पलीकडच्या बाजूची आहे. माणसं घ्यायचं काम करते. रिसेप्शनसाठी एक मुलगी आली होती, बोलायला एक नंबर. वजन जास्त. साहेबांनी फोटो पाहिला आणि फाइल नुसती बाजूला सरकवली, शब्द नाही. मी फॉर्मवर लिहिलं, ‘आवाज उत्तम, बॅक ऑफिससाठी योग्य’. तिला वाटलं कौतुक आहे. थँक्यू म्हणाली. आज टीम लीड आहे, पण मीटिंगमध्ये कॅमेरा कधीच सुरू करत नाही. नव्या मॅनेजरनी मलाच विचारलं, काऊन ठेवते ही बंद? नेट स्लो असेल म्हटलं.

मोगऱ्याची_वेणी
@मिहानची_एचआर लिहिलंत ते बरं केलं. राग आला आधी, खोटं नाही बोलत.

ओपीडीतली_ताई
नर्स आहे. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, बाहेरच्या देशांत २५. आपल्या लोकांची चरबी पोटावर लवकर जमते, शुगर लवकर येते, म्हणून. तेव्हा ‘वजनाचं नावच काढू नका’ हे मला पटत नाही. पण आमच्याकडे वजनकाटा दारात, रांगेच्या समोर, अन् आकडा मोठ्यानं ओरडतात. एक बाई बीपीची गोळी न्यायलाच यायची बंद झाली. वाटेत भेटली तर म्हणे, त्या काट्यावर चढावं लागते वो ताई. मी काटा आत, पडद्यामागे न्यायला लावला. जागा नाही म्हणून डॉक्टर अजून कुरकुरतात.

सखूबाई७८
आली. भात लागला खाली. कुठवर आलो? नणंदेचं राहू द्या, तिलाच आता थायरॉइड निघाला. @काडीपहिलवान पोरी, धरमपेठेत असशील तर डबा घेऊन ये माझ्याकडे, मी नाही मोजत.

काडीपहिलवान
काकू पाटोडी रस्सा असेल तर रोज येईन.

बुटीबोरी_नाईट_शिफ्ट
मोगरा ताई, भाऊजींनी पाहिला का तो बायोडाटा?

मोगऱ्याची_वेणी
दाखवला काल. शांतपणे उठले, कपाटातून त्यांचा काढून आणला. उंची पाच फूट सात. आहेत पाच पाच. म्हणे, आमच्याकडे व्हाइटनर नव्हतं, डायरेक्ट तसंच टाइप केलं.